मोकाट गुरे, मोकाट जबाबदारी

पावसाळा आला की गोव्यातील रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. शेते आणि माळराने चिखलाने भरलेली असतात. डांबरी रस्ता त्या मानाने कोरडा व उबदार असतो, वाऱ्यामुळे माशांचा उपद्रवही तेथे कमी होतो. साहजिकच संध्याकाळ होताच गुरे रस्त्यावर येऊन बसतात. पत्रादेवी ते पोळे हा राष्ट्रीय महामार्ग ६६ असो वा गावातील अंतर्गत रस्ता, चित्र सारखेच. अंधारात एखादी दुचाकी अशा कळपावर आदळते, स्वार प्राणास मुकतो किंवा कायमचा जायबंदी होतो, जनावरही तडफडून मरते आणि ‘दुर्दैवी अपघात’ म्हणून प्रकरण मिटते. ज्या अपघाताचा ऋतू, वेळ आणि जागा आधीच सांगता येते, त्याला दुर्दैव कसे म्हणावे?

प्रथम वाहनचालकाचा वाटा पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एवढे अंतर सरलेले असते. ओल्या रस्त्यावर वाहन थांबण्यास आणखी साधारण ३५ मीटर लागतात. दिव्याच्या मंद झोतात काळी म्हैस ३०-४० मीटरपलीकडे क्वचितच दिसते. म्हणजे ती दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. हाच वेग ४० वर आणल्यास एकूण अंतर २७ मीटरच्या आसपास येते. रात्रीचा वेग वेगमर्यादेच्या फलकाने नव्हे, दिव्याच्या पल्ल्याने ठरवावा, हाच याचा अर्थ.

जनावर अचानक समोर आले तर वाहन सरळ ठेवून ब्रेक दाबावा. त्याला वाचवण्यासाठी एकदम वळण घेतल्यास समोरून येणाऱ्या वाहनावर किंवा झाडावर आदळण्याचा धोका अधिक असतो. एक गाय रस्ता ओलांडून गेली की मागून वासरू येणार, हे गृहीत धरावे. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या अनमोड घाटात किंवा सत्तरीच्या रस्त्यांवर गवा दिसल्यास दिवे मंद करून दूर थांबावे. हॉर्न वाजवून त्याला बिथरवू नये.

धडक झालीच, तर वाहन शक्य तितके बाजूला घेऊन चारही इशारादिवे लावावेत, अन्यथा मागून येणारे दुसरे वाहन त्याच ठिकाणी आदळते. माणूस जखमी असल्यास १०८ किंवा ११२ वर संपर्क साधावा. जखमी जनावराचे पाय किंवा शेपटी धरून त्याला ओढू नये, त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. वेदनेने ते शिंग वा लाथ मारू शकते. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे. वन्यप्राणी असल्यास वन खात्याला कळवणे आवश्यक. पाळीव जनावर ही कुणाची तरी मालमत्ता असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे चालकावर बंधनकारक आहे. विमा कंपनीलाही माहिती द्यावी लागते. मात्र केवळ तृतीय पक्ष विमा असलेल्याला स्वतःच्या वाहनाची भरपाई मिळत नाही, हे अनेकांना अपघातानंतरच उमगते.

तथापि सारा दोष चालकाच्या माथी मारून भागणार नाही. नांगरणी यंत्राने होऊ लागली आणि बैलाची गरज संपली. दूध आटलेली गाय व नर वासरू यांना पोसणे मालकाला परवडेनासे झाले. गायरानांवर वस्त्या उभ्या राहिल्या. परिणामी सकाळी दूध काढून गाय सोडून देणारा मालक गाय दूध देते तोवर तिचा धनी असतो; तिच्यामुळे कुणी दगावला की मात्र ती बेवारस ठरते! गुरांच्या कानातील बारा अंकी बिल्ला ही पळवाट बंद करू शकतो, परंतु त्यासाठी त्यावरील नोंद अद्ययावत हवी आणि अपघातानंतर ती तपासली गेली पाहिजे. आपल्या जनावरापासून मानवी जीवितास संभवणारा धोका टाळण्यात हयगय करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. कायदा आहे, वापरण्याची इच्छा हवी.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी महामार्गांवरील मोकाट गुरे हटवून निवाऱ्यात हलवावीत, गस्ती पथके नेमावीत आणि मदत क्रमांक ठळकपणे लावावेत, असे निर्देश दिले. महामार्गाचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. पण महामार्गावरून हाकलेले जनावर गावच्या रस्त्यावर येणार असेल, तर अपघाताची केवळ जागा बदलेल. पंचायतींनी मालकांची नोंद ठेवावी, गळ्यात परावर्तक पट्टे बांधावेत आणि पावसाळ्यापूर्वी निवाऱ्याची सोय करावी. ही कामे खर्चिक नाहीत. येत्या पावसात गुरे पुन्हा रस्त्यावर बसणारच आहेत. त्यांना उठवायचे कुणी, हे मात्र आजच ठरायला हवे.