कुंपण कोणी घालावे?

भात झोडून झाले की कर्जत-खालापूरच्या खाचरांत गुरे मोकळी सोडण्याची रीत फार जुनी आहे. पावसाळ्यात ज्याचे पीक त्याने वई घालावी आणि ज्याची गुरे त्याने ती राखावी, एवढा अलिखित करार गावाला पुरत असे. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाला कालव्याखाली उन्हाळी भात होऊ लागले आणि या कराराची परीक्षा सुरू झाली. एकाचे शेत चैत्रातही हिरवे, शेजाऱ्याची गुरे मात्र सवयीने मोकळी!

कायद्याचा कौल गुरांच्या धन्याविरुद्ध आहे. पीक तुडविणारे जनावर धरून 24 तासांच्या आत कोंडवाड्याकडे धाडण्याचा अधिकार इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने शेतकऱ्यास दिला. जमीन महसूल संहिता, 1966 सीमाचिन्हांची देखभाल खातेदारावर सोपविते. मात्र बांधाच्या दोन्ही अंगांना गोठे असतील, तर मधल्या कुंपणाचा खर्च कोणी किती सोसावा, हे या दोन्ही कायद्यांत शोधूनही सापडत नाही. ते शेजाऱ्यांनीच ठरवावयाचे आहे. दोघेही पशुपालक असतील तर खर्च निम्मा-निम्मा असावा. एकाकडेच गुरे असतील तर मोठा वाटा त्याने उचलावा, असे आमचे मत आहे. 2022 साली लम्पी आला तेव्हा शेजारच्या कळपात आपले जनावर मिसळू न देण्याचे महत्त्व सर्वांना पटले होते. (माश्या-डासांना तार अडवीत नाही, हे खरे!)

मुंबई-पुण्याहून येऊन येथे फार्महाऊस बांधणाऱ्यांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्यांत आपलेही काही बंधू आहेत. चारही बाजूंनी काटेरी तार ओढताना ओढ्यावर पाण्याला जाणारी गुरांची वाट बुजते, आणि ठाकूर-कातकरी वाडीतल्या गुराख्याला कोसभराचा वळसा पडतो. बांधावरून वहिवाटीचा हक्क मागण्याची तरतूद महसूल संहितेच्या कलम 143 मध्ये आहे. पण त्यासाठी वाडीवरच्या माणसाने तहसीलदाराकडे किती खेटे घालावेत? 30 सप्टेंबर 2024 रोजी राज्य शासनाने देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले, त्याचा आपणा सर्वांस आनंद झाला. तीच गाय आपल्या तारेत कास फाडून घेते, तेव्हा दोष तिच्या धन्याला देऊन आपण मोकळे होतो.

येत्या पावसाळ्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या मालकांनी मोजणीचा नकाशा घेऊन बांधावर एकत्र उभे राहावे. तारेऐवजी निरगुडीची जिवंत वई लावता येईल का, तेही पाहावे. आणि ओढ्याच्या बाजूस एक फाटक, कुलपावाचून.