श्रमावर प्रेम की बोलीवर?

१९८२ चा गिरणी संप हा आपल्या साहित्यविचाराचा लाडका शोकान्त. त्यावर प्रबंध होतात, चर्चासत्रे झडतात. पण त्याच संपकाळात गिरणीमालकांनी कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतले, तिथे मात्र आपली समीक्षा फिरकलेली नाही.

भिवंडीत मागावर उभा असलेला माणूस बहुधा उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातला. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर, जेवण भिस्सीत, तेही उधारीचे. मंदीत त्याला काढून टाकल्याची चिठ्ठी मिळत नाही. नेमणुकीची तरी कुठे मिळालेली असते! माग थांबतो, मीटर थांबतात. भिस्सीचे खाते तेवढे चालू राहते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत हेच झाले. २०२० च्या टाळेबंदीत तर कित्येक जण नाशिकच्या महामार्गाने पायी निघाले.

आपण त्यांना 'स्थलांतरित' म्हटले. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार मात्र आपल्या लेखी निखळ 'कामगार'. त्याचेही घर गावीच होते आणि मनिऑर्डरीवर चालत होते. तो मराठी बोलत होता, एवढाच काय तो फरक. मग आपले प्रेम श्रमावर होते की बोलीवर? नारायण सुर्व्यांच्या कवितेवर पुढची प्रश्नपत्रिका काढताना हा प्रश्न अवश्य घालावा.