ओढा हिरवा होईल, पण हातातला झाडू सुटेल काय?

हरित रोजगार हा शब्द अलीकडे सरकारी कागदांत फार फिरू लागला आहे. बेकार तरुणांना शहरातली झाडे जगवण्याचे आणि ओढे-नाले, तळी पुन्हा जिवंत करण्याचे काम द्यावे. त्यांच्या घरात पगार जाईल आणि शहरही वाचेल, अशी ही कल्पना. 2018 साली केंद्र सरकारने हरित कौशल्य विकास कार्यक्रमाचा गाजावाजाही केला. कल्पना वाईट नाही, आम्ही तिचे स्वागतच करतो. परंतु गोड शब्दाच्या मागे कोण उभा आहे हे पाहण्याची सवय आंबेडकरी चळवळीला आहे. म्हणून ही कल्पना आम्ही कात्रजच्या तलावाच्या बांधावर उभे राहून तपासणार आहोत.

हा तलाव नानासाहेब पेशव्याच्या काळातला. अठराव्या शतकाच्या मध्यावर येथून जमिनीखालच्या नळाने पाणी शनिवारवाड्यात आणि शहरातल्या हौदांत नेले गेले. स्थापत्य म्हणून काम उत्तम, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच पेशवाईत आमच्या माणसाच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता. ज्या शहरात डोंगरावरचे पाणी वाड्यातल्या कारंज्यापर्यंत पोहोचले, त्याच शहरात अस्पृश्याला पाणी मिळावे म्हणून 1868 साली जोतीरावांना आपल्या घरचा हौद खुला करावा लागला. 20 मार्च 1927 चे महाड तर सर्वांना पाठ आहे. तेव्हा तलावाची सुधारणा हा आमच्या दृष्टीने नुसता पर्यावरणाचा विषय कधीच नव्हता.

आज त्या तलावात सांडपाणी येते आणि जलपर्णी माजते. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबिल ओढा धनकवडी, पद्मावती, सहकारनगर करत दांडेकर पुलाकडे येतो आणि मुठेला मिळतो. वरच्या अंगाला डोंगर फोडले गेले, ओढ्यात भराव टाकले गेले, मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्याचा हिशेब 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री झाला. अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक बळी गेले. भराव टाकणारे निराळे आणि वाहून जाणारे निराळे. पुढे 24 जून 2021 रोजी, भर पावसाळ्यात आणि कोरोनाच्या काळात, दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वस्तीवर पालिकेचे बुलडोझर आले. न्यायालयाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर कित्येकांचे संसार रस्त्यावर आले होते. ओढा सुधारायचा म्हटले की पहिला हात काठच्या झोपडीवर पडतो, हा आमचा अनुभव आहे.

आता रोजगाराकडे येऊ. ओढा साफ करण्यासाठी पाण्यात कोण उतरणार? निविदा निघते, ठेकेदार येतो, आणि गाळात उभी राहणारी पोरे कोणत्या वस्तीतली असतात हे सांगायला समिती नेमावी लागत नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यात, अस्वच्छ संडासाची घाण जिथे सोडली जाते ते उघडे गटारही येते. पण कागदावर त्याला ओढा म्हटले की काम 'जलस्रोत पुनरुज्जीवन' होते. गटारात गुदमरून मेलेल्याच्या वारसांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली दहा लाखांवरून तीस लाख केली. रक्कम वाढली, मरणाऱ्यांची जात मात्र बदलली नाही. उद्या हेच काम हिरवा टी-शर्ट घालून करायला लावले, तर त्याला आम्ही रोजगार म्हणायचे काय?

अमेरिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. 1933 ते 1942 या काळात तेथील सरकारने लाखो बेकार तरुणांना छावण्यांत ठेवून सुमारे तीन अब्ज झाडे लावून घेतली. महिन्याला 30 डॉलर मिळत आणि त्यातले 25 घरी पाठवले जात. योजना मोठीच होती. पण काळ्या तरुणांच्या छावण्या वेगळ्या ठेवल्या गेल्या. कायद्यात वंशभेदाला बंदी असतानाही हे घडले, हे आमच्या अभ्यासकांनी विसरू नये.

आपल्याकडची गोष्ट त्याहून मजेची आहे. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, तो महाराष्ट्रात 1975 साली रोजगार हमीसाठी म्हणून लावला गेला. हमी मात्र खेड्यापुरती. दुष्काळाने गाव सोडून कात्रजच्या उतारावर पत्रा टाकणाऱ्या माणसाची हमी वेशीवरच राहिली. केंद्राने 2005 साली कायदा केला, तोही ग्रामीणच. केरळने 2010 साली शहरी कुटुंबाला 100 दिवसांची हमी दिली आणि योजनेला नाव दिले अय्यंकाळींचे. 1893 साली सवर्णांच्या रस्त्यावरून बैलगाडी हाकणारा तो दलित पुढारी! राजस्थानने 2022 साली शहरी हमी सुरू केली, तिच्यात वृक्षारोपण आणि जलसंधारणाची कामे होती. फुले-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय भाषण न संपवणाऱ्या महाराष्ट्राला हे का सुचत नाही? 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना सहा ते दहा हजारांचे विद्यावेतन आहे, पण ते काही महिन्यांपुरते. नंतर पोरगा पुन्हा नाक्यावर.

पैसा आणि अधिकार नाही, ही सबब खोटी आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण व पर्यावरण रक्षण आठव्या क्रमांकावर, दुर्बल घटकांचे हितरक्षण नवव्या, झोपडपट्टी सुधारणा दहाव्या आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन अकराव्या क्रमांकावर आहे. शेजारी शेजारी असलेले हे चार विषय पालिकेच्या चार खात्यांत एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची आहे. आमच्या वस्तीतला आयटीआय झालेला मुलगा, बारावी झालेली मुलगी हे काम शिकून करू शकत नाही काय? विहाराच्या अंगणात लावलेला पिंपळ जगवायला आम्हाला कोणी प्रशिक्षण दिले नव्हते. मात्र गणना, नर्सरी, पाण्याची तपासणी ही कामे शिकलेल्यांची म्हणून बाजूला काढली जातात आणि गाळ तेवढा आमच्या वाट्याला येतो. नेमके हेच मोडायचे आहे.

पुण्यात मार्ग नाही असेही नाही. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि 2007 साली कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्था आली. बहुसंख्य दलित स्त्रिया, ठेकेदार मधे न ठेवता, पालिकेशी करार करून उभ्या आहेत. तो करार टिकवण्यासाठी त्यांना वारंवार झगडावे लागते, तरीही उभ्या आहेत. कात्रज ते दांडेकर पूल या पट्ट्यातल्या तरुणांची अशी संस्था का होऊ नये? गाळ यंत्राने निघावा. माणसाने करंज, उंबर लावावेत, रोपवाटिका चालवावी, पाणी मोजावे. आणि ज्याच्या हाताने ओढा सुधारला त्याचे घर पुनर्वसनाशिवाय हलवले जाणार नाही, हे करारातच लिहिलेले असावे.

कात्रज तलावातली जलपर्णी काढण्याचे काम पुन्हा निघेल. आमच्या तरुण वकिलांनी आणि विद्यार्थ्यांनी त्या निविदेची प्रत, मजुरांचे हजेरीपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या माहितीच्या अधिकारात मागवाव्यात. दहा रुपयांच्या स्टॅम्पवर अर्ज होतो.