खाकीतली माणसेही आपलीच

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा पोलिसांची तुकडी देवाला सशस्त्र मानवंदना देते. ग्रामदैवताला अशी सलामी देणारा आपला रोहा. शौर्याला मान कसा द्यावा, हे या मातीला कोणी शिकवायला नको. तरीही दुसऱ्या महायुद्धात आपणहून भरती झालेली कोकणातली माणसे आपल्या आठवणीतून गळाली. यंदाच्या अंकाची जुळवाजुळव करताना ही गोष्ट मनाला लागून राहिली.

ती का गळाली, हे समजण्यासारखे आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही झाले. देशाला न विचारता त्याला युद्धात ओढले, याचा तो निषेध होता. आणि त्याच सुमारास २४ हिंदी वैमानिक ब्रिटनच्या हवाई दलात लढण्यासाठी विलायतेला पोचले होते. पुढे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सरकारच्या गोळ्यांना बळी पडले. त्याच सरकारचा गणवेश तेव्हा कित्येक कोकणी पोरांच्या अंगावर होता. स्वातंत्र्य आल्यावर त्या गणवेशाबद्दल घरातसुद्धा कोणी फारसे बोलेना.

अशा माणसांत एक राजाही होता. यशवंतराव मार्तंडराव मुकणे, जव्हारचे शेवटचे राजे. महादेव कोळ्यांचे हे घराणे. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवराय जव्हारला आले होते, हा त्या संस्थानचा मोठा अभिमान. यशवंतरावांचा जन्म १९१७ चा आणि गादी मिळाली ती अगदी कोवळ्या वयात. महायुद्ध पेटले तेव्हा ते ऐन विशीत होते. युद्धफंडाला रक्कम द्यावी, प्रजेतली पोरे भरतीला धाडावीत आणि आपण राजवाड्यात राहावे, एवढ्याने बहुतेक संस्थानिकांचे भागत असे. यशवंतराव स्वतः हवाई दलात गेले. फ्लाइट लेफ्टनंट हा हुद्दा त्यांच्या नावामागे लागला.

त्या वेळचे हवाई दल आजच्यासारखे नव्हते. १९३३ मध्ये कराचीत त्याची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिटी विमानांवर. दुहेरी पंखांची, कापडाने मढवलेली, वरून उघडी विमाने. वैमानिकाच्या तोंडावर सगळा वारा आणि इंजिनाचे तेल. युद्ध आले तसे फ्लाइंग क्लबात हौसेने उडायला शिकलेल्यांना राखीव दलात घेतले आणि किनाऱ्याच्या रक्षणासाठी छोट्या तुकड्या उभ्या केल्या. त्यांतली एक मुंबईची होती. जुनाट झालेली तीच वापिटी घेऊन ही मुले समुद्रावर जात आणि जहाजे, पाणबुड्या शोधत तासन् तास टेहळणी करत. इंजिन बंद पडले तर खाली फक्त पाणी. अशा नोकरीत आपणहून शिरायला छातीच लागते.

१९४८ मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले. यशवंतराव १९६२ मध्ये भिवंडीतून आणि १९६७ मध्ये डहाणूच्या राखीव जागेवरून काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. १९७८ मध्ये ते वारले. गादी गेल्यावर ज्यांच्यावर राज्य केले त्यांच्यापुढेच मतासाठी उभे राहणे, हे आम्हाला त्यांच्या गणवेशाइतकेच मोलाचे वाटते.

इंग्रजांची चाकरी केली म्हणून अशांना बाजूला ठेवायचे, तर मग चिंतामणराव देशमुखांचे काय? त्यांचे बालपण रोह्यातले. ते आयसीएस झाले आणि १९४३ मध्ये, भर युद्धात, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. १९५२ मध्ये आपल्याच कुलाब्याने त्यांना लोकसभेवर पाठवले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. त्यांच्या आयसीएसबद्दल आपण कधी कुरकुर केली नाही, आणि ते योग्यच झाले. साहेबाच्या कचेरीत बसलेल्याला आपण जो न्याय दिला, तोच साहेबाच्या फौजेत गेलेल्याला द्यायला हवा. विनोबा बरोबर होते, भाई कोतवालांचे बलिदान थोर होते, आणि माणगावच्या पळसगावचे यशवंत घाडगेही आपलेच होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले, ती जागा जिंकली आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मृत्यूसमयी त्यांचे वय होते अवघे २२.

घाडग्यांचा पुतळा माणगावात आहे. जव्हारच्या राजांचे नाव इतिहासात आहे. पण पेण-रोह्याच्या वाड्यांवरून, पाड्यांवरून जे साधे शिपाई, मोटारचालक, खलाशी, विमानांचे फिटर म्हणून गेले, त्यांचे काय उरले? एखादा डिस्चार्जचा कागद, ट्रंकेच्या तळाशी काळवंडलेले पदक, भिंतीवरचा डाग पडलेला फोटो. वाचकहो, घर रंगवायला काढाल तेव्हा हे भंगारात जाऊ देऊ नका. पदकाच्या काठावर नाव किंवा क्रमांक कोरलेला असेल तर तो उतरवून घ्या. आजोबांच्या पलटणीचे नाव सांगणारे कोणी घरात असेल तर आजच विचारून लिहून ठेवा. आणि कागद, फोटो आमच्याकडे आणून द्या. छायाप्रत काढून मूळ प्रत आम्ही त्याच दिवशी परत करू. पुढच्या दिवाळी अंकाची पाने या माणसांसाठी राखून ठेवली आहेत.



— संपादक