तंत्रगप्पा : जुना लॅपटॉप आणि नातीचं नाटक



यंदा गणपतीत लेकीने मंडळाच्या नाटकात काम केलं. आईचं सोमवारी सांगलीला गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि त्याआधी तिला नातीचं नाटक बघायचं होतं. माझा लॅपटॉप दहा वर्षांचा. म्हटलं, ब्राउझरमध्ये चालणारी एखादी एडिटिंग सेवा वापरू, सगळं काम त्यांचा सर्व्हर करेल.

इथेच गणित चुकलं. आयफोनवर "मोस्ट कॉम्पॅटिबल" ठेवून फोर-के रेकॉर्डिंग केलं की मिनिटाला साधारण 350 एमबी लागतात. 25 मिनिटांचे झाले पावणेनऊ जीबी. आमच्या गावात अजून 16 मेगाबिटचं डीएसएल आहे, अपलोड जेमतेम 2 मेगाबिट. म्हणजे पावणेदहा तास! रात्रभर लावून ठेवलं, पहाटे कनेक्शन तुटलं, आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात.

तर मुद्दा असा की "ब्राउझरमध्ये चालतं" याचे दोन अर्थ होतात. वीव्हिडिओ (2011) किंवा कॅपविंगसारख्या सेवांमध्ये जड काम त्यांच्या सर्व्हरवर होतं. तिथे लॅपटॉप कसाही चालतो, पण अपलोड दणकट लागतं. क्लिपचॅम्प (ब्रिस्बेन, 2013, 2021 पासून मायक्रोसॉफ्टकडे) मुळात वेगळ्या विचाराने बनलं: फाईल आपल्याच मशीनवर ठेवायची आणि प्रोसेसिंगही तिथेच, ब्राउझरच्या आत. इथे अपलोडची अडचण नाही, पण मेमरी हवी; 8 जीबी असेल तर बरं.

जर्मनीत आपल्यापैकी बऱ्याच जणांची खरी अडचण लॅपटॉप नसून अपलोड आहे. म्हणून सेवा निवडण्याआधी स्पीडटेस्टमधला दुसरा आकडा बघा.

मी शेवटी काय केलं? लेकीचे प्रवेश फोनमध्येच कापून काढले, सहा मिनिटं उरली. मग दुसऱ्या प्रकारच्या सेवेत जोडून 720पी मध्ये एक्स्पोर्ट केलं. लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंगावला, पण काम झालं. तयार फाईल सुमारे 250 एमबी, पाव तासात गेली. पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच 1080पी मध्ये करणार.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मूळ फाईल स्वतःकडे हार्ड डिस्कवर ठेवाच. याहूने 2006 साली घेतलेलं जंपकट 2009 मध्ये बंद झालं, यूट्यूबचा जुना एडिटर 2017 मध्ये गेला. आणि नाटकात इतरांचीही पोरं दिसतात, तेव्हा व्हिडिओ जाहीर टाकण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारा. चित्रासाठी संमती हवी, हा जर्मन कायदा 1907 चा आहे.

आईने रविवारी रात्री दोनदा बघितलं. वर म्हणाली, "एवढंसंच का रे पाठवलंस?"

कळावे, लोभ असावा.
आपला,
स्टुटगार्टजवळचा एक सांगलीकर