एफएमजीईत नापास म्हणजे एमडीचं दार बंद? तसं नाही

परदेशातून एमबीबीएस करून आलेल्या पोराला गावात एकच प्रश्न विचारतात, "दवाखाना कधी टाकणार?" पण त्याआधी एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते. ३०० पैकी १५० गुण लागतात. डिसेंबर २०२३ च्या सत्रात ३७,८२७ जण परीक्षेला बसले, पास झाले ७,७८१. म्हणजे पाचात एक.

नापास झालं की घरात कुजबुज सुरू होते, आता एमडी, एमएस विसरा. हा समज चुकीचा आहे. पीजीची जागा नीट पीजीच्या रँकवर मिळते. एफएमजीई कितव्या वेळी निघाली, हे तिथं मोजत नाहीत. अमेरिकेत मात्र परवाना परीक्षेतलं अपयश रेसिडेन्सी देणाऱ्या हॉस्पिटलला दिसतं.

मग नुकसान कशाचं? वेळेचं. परीक्षा वर्षातून दोनदाच होते. एक हुकली की सहा महिने गेले. पास झाल्यावर इथं इंटर्नशिप, त्यानंतर पीजी. तोवर कर्जाचं व्याज काही थांबत नाही.

या घाईतच पाय घसरतो. नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर १ वर्षापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "पास करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागणंही तेवढंच घातक. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. आणि ज्या घरानं जमीन गहाण टाकून शिकवलं, त्यानं टोमण्यांऐवजी अभ्यासाला आणखी सहा महिने द्यावेत.