आखूड नळीचे लांब मोल

वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी बंदुकीचा विषय मांडणे कुणाला अप्रशस्त वाटेल. पण आमच्या नेरूळसारख्या नोकरदारांच्या वस्तीतदेखील हल्ली एक तक्रार ऐकू येते, आणि ती करणारे गुंडपुंड नव्हेत. कर भरणारे, लेकुरवाळे गृहस्थ आहेत. ते म्हणतात, “घराच्या रक्षणाला ती लांबलचक बंदूक काय कामाची? हवे ते वीतभर पिस्तूल. आणि नेमके तेच सोन्याच्या भावाने! लोखंड कमी आणि किंमत जास्त, हा कुठला न्याय?”

हिशेब म्हणून ही तक्रार खोटी नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सुमारे सव्वा लाख रुपये. सरकारी कारखान्याचीच ०.३१५ ची लांबलचक रायफल त्याहून स्वस्त पडत होती. पुढे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. त्यांत पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. लांब बंदुका मात्र १८ टक्क्यांवरच राहिल्या. वीतभर नळी आता खाजगी विमाने आणि सहलीच्या नौका यांच्या पंक्तीला जाऊन बसली आहे.

असे का व्हावे? लोखंडाच्या वजनावर बंदुकीचे मोल ठरत नाही, हे पहिले उत्तर. आपला १९५९ चा शस्त्र कायदा उघडून पाहा. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची, आतून गुळगुळीत अशी बंदूक मागणाऱ्याला, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला, कायदा सवलतीने वागवतो. त्याहून वेगळे हत्यार मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते. परवानगीवाचून बंदुकीची नळी कापून आखूड करणे, हा तर गुन्हाच. कारण उघड आहे. शेतकऱ्याच्या खांद्यावरची बंदूक साऱ्या गावाला दिसते. कोटाच्या खिशातली कुणालाच दिसत नाही. जे लपते त्याचेच भय अधिक.

हे शहाणपण केवळ आपलेच नव्हे. बंदुकांचा सुकाळ असलेल्या अमेरिकेतही १९३४ च्या कायद्याने आखूड नळीच्या रायफलीवर दोनशे डॉलरांचा कर बसला होता. त्या काळी एवढ्या रकमेत एक टॉमीगन येत असे! रायफलीची मर्यादा पुढे १९६० साली अठरा इंचांवरून सोळावर आणली गेली. दोनशे डॉलर मात्र नव्वद वर्षे तसेच राहिले आणि २०२६ च्या आरंभी आखूड रायफलीपुरते शून्यावर आले. म्हणजे तिथेही किंमत वाढवली होती ती पोलादाने नव्हे, कायद्याने.

दुसरे कारण बाजाराचे. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्याला सामान्य नागरिकासाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. मग उरले सरकारी कारखाने आणि देशात आधीच आलेली जुनी विलायती हत्यारे. मागणारे पुष्कळ, देणारे मोजके. मग आजोबांच्या काळचे वेब्ले रिव्हॉल्व्हर मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने हात बदलू लागले, यात नवल ते काय? अलीकडे खाजगी कारखान्यांनाही परवाने मिळू लागले आहेत, पण परवानगीचे मोल त्याने नाहीसे होत नाही.

यावर आमचे तक्रारखोर मित्र हुकमी पत्ता टाकतात : “गुंडाला गावठी कट्टा स्वस्तात मिळतो. महागाईची भिंत फक्त आम्हां सज्जनांपुढे!” खरे आहे. पण म्हणून सज्जनांनाही स्वस्तात द्यावे, हे कसे सिद्ध झाले? कट्टेवाला आधी वर्दी देऊन येत नाही. तो येईल तेव्हा तुमचे पिस्तूल कपाटात, किल्ली डब्यात, आणि तुम्ही दूध आणायला गेलेले असाल. मात्र त्या किल्लीचा डबा घरातल्या पोराला नक्की ठाऊक असेल. वीस वर्षे मुले शिकवणारा मास्तर म्हणून सांगतो, दोन खोल्यांच्या घरात मुलांपासून लपवलेली वस्तू या जगात नाही. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल घेऊन जिन्यात धावणाऱ्या पोराला खरे आणि खोटे यांतला फरक हातात घेईपर्यंत कळत नसतो.

तेव्हा आखूड नळी स्वस्त करा, या मागणीला माझा साफ विरोध आहे. पण सरकारलाही मी मोकळे सोडणार नाही. महागाई ही चाळणी म्हणून अगदी कुचकामी आहे. ती तापट माणसाला अडवत नाही, फक्त गरिबाला अडवते. ज्याच्याजवळ पैसा आणि ओळख आहे, त्याच्या कमरेला पिस्तूल लटकते आणि लग्नाच्या वरातीत हवेत उडते. अडवायचे ते परवान्याच्या टेबलावर, माणूस पारखून; बिल्डर असो की कारकून, माप एकच हवे.

आणि ‘निर्भीक’चे काय? दिल्लीच्या २०१२ च्या अमानुष घटनेनंतर ते खास स्त्रियांसाठी म्हणून पुढे केले गेले. सव्वा लाखाचे अभय! रात्रपाळी संपवून नेरूळ स्टेशनवर उतरणाऱ्या परिचारिकेने ते कोणत्या पगारातून घ्यावे? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने कोणता दागिना मोडावा? नागरिकाचे रक्षण हे राज्याचे पहिले कर्तव्य. तेच कर्तव्य राज्याने दुकानात मांडून किंमतीची चिठ्ठी लावली, याची चीड कुणालाच कशी आली नाही?

त्या बाईला हवा आहे स्टेशनबाहेर जळणारा दिवा, फलाटावर जागा असलेला शिपाई, आणि तक्रार नोंदवताना उलट तिचीच उलटतपासणी न घेणारा ठाणेदार. यांतली एकही वस्तू वीतभर नळीतून निघत नाही. म्हणून माझ्या शेजारीबंधूंना सांगणे एवढेच, की यंदा अर्ज करायचाच असेल तर तो पालिकेकडे रस्त्यावरच्या बंद दिव्यांसाठी करा. त्याला परवाना लागत नाही, आणि ४० टक्के करही नाही.